मे महिन्यातला सर्व्हर आणि गणपतीनंतरचा प्रश्न

आंब्याचा हंगाम मृगाच्या पावसाबरोबर आटोपतो, पण त्याचे हिशेब निघतात ते गणपती गेल्यावर. रत्नागिरी ते देवगड पट्ट्यातल्या एखाद्या कॅनिंगच्या कारखान्यात सप्टेंबरात डोकावा. मालकांच्या टेबलावर क्रेटची बिलं, मजुरीचे कागद, डिझेलचा खर्च आणि त्यातच कुठेतरी नवीन सर्व्हरचं कोटेशन पडलेलं असतं. मग संगणक बघणाऱ्याला बोलावणं जातं. "अहो, मे महिन्यात संध्याकाळी एकेक पावती निघायला केवढा वेळ लागत होता. गेटवर टेम्पोंची रांग, बागायतदार माझ्यावर खेकसतायत. सर्व्हर खरंच कमी पडला का, ते आकड्यांत दाखवा. मग बघू कोटेशनचं."

मागणी रास्त आहे. सर्व्हर आपल्या कामाचे आकडे स्वतःच टिपून ठेवत असतो, आणि ते बाहेर काढायची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी, दहा-पंधरा ओळींची असते. अडचण वेगळीच आहे. सप्टेंबरात मे महिन्याचे जे आकडे हाती येतात, ते मे महिन्यात होते तसे राहिलेले नसतात. सर्व्हर ते पुसत नाही, पण वय वाढेल तसे विरळ करत जातो. हे नीट कळलं नाही तर स्क्रिप्ट बिनचूक चालते आणि उत्तर मात्र चुकीचं मिळतं.

आधी थोडी ओळख. कारखान्याच्या कोपऱ्यातल्या रॅकमध्ये लोखंडी पेटी एकच असते, पण तिच्या आत चार-सहा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे संगणक, चालू असतात: एकीत हिशेबाचं टॅली, दुसरीत वजनकाट्याचं आणि पावत्यांचं सॉफ्टवेअर, तिसरीत फायली, चौथीत हजेरी. प्रत्येकीला वाटतं की प्रोसेसर आणि मेमरी आपलीच आहे. प्रत्यक्षात ती सगळ्यांत वाटून देणारा एक थर मधे बसलेला असतो, त्याला हायपरवायझर म्हणतात. व्हीएमवेअर कंपनीच्या हायपरवायझरचं नाव ईएसएक्सआय, आणि असे एक किंवा अनेक सर्व्हर एका जागेवरून सांभाळणारं तिचंच सॉफ्टवेअर म्हणजे व्हीसेंटर. आपल्याकडे अजूनही बऱ्याच ठिकाणी हीच जोडी असते, म्हणून मुख्य उदाहरण तिचंच घेतो. व्हीसेंटर न घेता नुसताच ईएसएक्सआय चालवणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे इतिहास फारच तोकडा असतो, आणि वर्षभरापूर्वीचं काही मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

आकडे म्हातारे कसे होतात

ईएसएक्सआय दर २० सेकंदांनी प्रत्येक मशीनची नाडी बघतो: प्रोसेसर किती वापरला, मेमरी किती, डिस्कने उत्तर द्यायला किती वेळ घेतला, नेटवर्कवर किती माल गेला. या ताज्या नोंदी तो फक्त तासभर ठेवतो, म्हणजे एका मापाच्या १८० नोंदी. एखाद्या संध्याकाळी रांग लागलेली असताना तुम्ही स्क्रीनसमोर असाल, तर हे आकडे सोन्यासारखे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मागमूसही नसतो.

व्हीसेंटर त्यातून ५ मिनिटांची एक अशी नोंद बनवतं आणि ती एक दिवस ठेवतं. दिवस उलटला की ५ मिनिटांच्या नोंदींतून अर्ध्या तासाची एक नोंद होते, ती राहते आठवडाभर. आठवड्यानंतर दोन तासांची एक नोंद, तिचं आयुष्य महिना. महिन्यानंतर अख्ख्या दिवसाची एकच नोंद उरते, ती वर्षभर टिकते. वर्ष संपलं की तीही जाते.

ही रचना कंजूषपणाची वाटेल, पण गणित करून बघा. २० सेकंदांच्या नोंदी वर्षभर ठेवायच्या म्हटलं तर एका मशीनच्या एकाच मापाच्या १५,७६,८०० नोंदी होतात. वरच्या पद्धतीत दिवसाच्या २८८, आठवड्याच्या ३३६, महिन्याच्या ३६० आणि वर्षाच्या ३६५ मिळून १३४९. चारही टप्पे तीनशे-साडेतीनशेच्या घरातच आहेत. डेटाबेस आटोक्यात राहतो, वर्षाचा आलेख चटकन उमटतो. मशीन शेकड्यांनी असतील तर याला पर्याय नाही.

याची किंमत मोजावी लागते ती सरासरीत. आपल्या कारखान्यातलं पावत्यांचं मशीन घ्या. दुपारी ४ ते रात्री ८ बागायतदार माल घेऊन येतात तेव्हा त्याचा प्रोसेसर ९५ टक्क्यांवर, बाकीचे २० तास ८ टक्क्यांवर. दिवसाची सरासरी काढली की येते २२.५ टक्के. सप्टेंबरात स्क्रिप्ट चालवलीत की मे महिन्यातल्या त्या दिवसापुढे एवढाच आकडा छापून येईल, आणि कोणीही शहाणा माणूस म्हणेल की सर्व्हर तर तीन-चतुर्थांश रिकामाच होता. मांडवीच्या बंदरावर दिवसभराच्या भरती-ओहोटीची सरासरी काढून ठेवली, तर उधाणाला पाणी जेट्टीवर चढलं होतं की नाही हे त्या सरासरीवरून कधीच कळणार नाही. तसंच हे.

तोच प्रश्न जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे महिन्याच्या आत विचारला असता, तर दोन तासांच्या नोंदींत ९५ चा आकडा अजून स्पष्ट दिसला असता. त्याच्या आधीची नोंद ७३ च्या आसपास, नंतरची ३० च्या आसपास. चढ कुठे सुरू झाला आणि कुठे उतरला ते बोट ठेवून दाखवता आलं असतं. तीन महिन्यांच्या उशिराने नेमका हा आकार गेला.

"मग सरासरीऐवजी कमाल आकडा का नाही साठवत?" असं कोणीही विचारेल. साठवता येतो, पण सहसा साठवलेला नसतो. व्हीसेंटरमध्ये आकडे गोळा करण्याच्या चार पातळ्या आहेत. मुळात सगळीकडे पहिली पातळी लावलेली असते: मोजकी मापं आणि बहुतेक सरासरीच. कमाल आणि किमान आकडे चौथ्या पातळीवर येतात. ती सरसकट लावून ठेवली की डेटाबेस बघता बघता फुगतो, म्हणून ती बिघाड शोधण्यापुरती लावायची आणि काढायची असा दंडक आहे. शिवाय एक अट: लांबच्या टप्प्याची पातळी जवळच्या टप्प्यापेक्षा वरची ठेवता येत नाही. वर्षाच्या नोंदींत कमाल आकडा हवा असेल तर दिवस, आठवडा, महिना सगळीकडेच चौथी पातळी ठेवावी लागते. माझ्या मते छोट्या कारखान्याने त्या फंदात पडू नये. त्यापेक्षा स्वस्त उपाय पुढे येतो.

मागायचं कसं, आणि आलेलं वाचायचं कसं

व्हीएमवेअरशी पॉवरशेलमधून (विंडोजला आज्ञा टाइप करून द्यायच्या खिडकीतून) बोलण्यासाठी पॉवरसीएलआय नावाचा आज्ञांचा संच आहे. तो फुकट मिळतो आणि कारखान्यातल्या साध्या विंडोज संगणकावर बसतो. आज्ञांची नावं इथे देवनागरीत देतो आहे. टाइप करताना ती रोमन लिपीत, उच्चाराप्रमाणेच करायची.

कनेक्ट-व्हीआयसर्व्हर ही आज्ञा व्हीसेंटरला जोडून देते, गेट-व्हीएम मशीनची यादी आणते, आणि खरं काम करते ती गेट-स्टॅट. तिला चार गोष्टी सांगायच्या: कोणाचे आकडे, कुठलं माप, कधीपासून, कधीपर्यंत. पहिलीसाठी एन्टिटी, दुसरीसाठी स्टॅट, मग स्टार्ट आणि फिनिश. मापांची नावं तीन तुकड्यांची असतात. 'सीपीयू.युसेज.ॲव्हरेज' यात पहिला तुकडा कुठल्या भागाचं, दुसरा काय मोजलं, तिसरा ते कसं एकत्र केलं. हा तिसरा तुकडा लोक वाचत नाहीत, आणि घोळ तिथेच होतो. ॲव्हरेज असेल तर सरासरी, समेशन असेल तर बेरीज, लेटेस्ट असेल तर त्या टप्प्यातला शेवटचा आकडा. एखाद्या मशीनसाठी कुठली मापं उपलब्ध आहेत हे गेट-स्टॅटटाइप सांगते, आणि कुठले टप्पे किती काळ ठेवलेत हे गेट-स्टॅटइंटरव्हल. स्क्रिप्ट लिहायच्या आधी या दोन आज्ञा नुसत्या चालवून पाहिल्या की निम्मा गोंधळ मिटतो.

इंटरव्हलमिन्स असा आणखी एक पर्याय देता येतो. तिथे ५ लिहिलं म्हणजे ५ मिनिटांच्या नोंदी मिळतील अशी समजूत असते. जुन्या तारखांसाठी त्या नोंदी उरलेल्याच नसतात, तर येणार कुठून? म्हणून आलेल्या प्रत्येक नोंदीसोबत इंटरव्हलसेक्स नावाचा एक रकाना असतो, तो आधी वाचायचा. तिथे ३०० असेल तर नोंद ५ मिनिटांची, १८०० म्हणजे अर्ध्या तासाची, ७२०० म्हणजे दोन तासांची आणि ८६४०० दिसलं की समजायचं, पूर्ण दिवस एका आकड्यात कोंबलेला आहे. मालकांना दाखवायच्या तक्त्यात हा रकाना जरूर ठेवा. तो कागदावर असला की २२.५ टक्क्यांवर कोणी निष्कर्ष काढत नाही.

इन्स्टन्स हा रकानाही बघावा लागतो. चार प्रोसेसर दिलेल्या मशीनसाठी काही वेळा पाच ओळी येतात: शून्य ते तीन अशा चार आणि इन्स्टन्स रिकामा असलेली पाचवी. रिकामी ओळ म्हणजे एकूण. सगळ्या ओळी एकत्र करून सरासरी काढली की आकडा ना धड एकूणचा, ना धड एकेकाचा. रिकाम्या इन्स्टन्सच्याच ओळी गाळून घेतल्या की प्रश्न मिटतो.

आता ज्या मापासाठी एवढी खटपट करायची, त्याकडे येऊ. पावती अडकण्याचा खरा छडा बहुतेक वेळा प्रोसेसरच्या टक्क्यांत लागत नाही, तो 'सीपीयू.रेडी.समेशन' मध्ये लागतो. मशीनला काम करायचं आहे, ते तयार उभं आहे, पण खरा प्रोसेसर दुसऱ्या मशीनमध्ये गुंतलाय म्हणून त्याला थांबावं लागतं. हा थांबण्याचा वेळ म्हणजे रेडी. तो मिलिसेकंदांत येतो आणि नावातच लिहिल्याप्रमाणे ती बेरीज असते. त्यामुळे नुसता आकडा वाचून काहीच कळत नाही. किती वेळातली बेरीज, हे माहीत हवं.

समजा, संध्याकाळी सहाच्या सुमाराची ५ मिनिटांची नोंद आहे आणि रेडीचा आकडा ९६,००० आलाय. ५ मिनिटं म्हणजे ३,००,००० मिलिसेकंद. भागाकार केला की ३२ टक्के. मशीनला चार प्रोसेसर दिलेत, म्हणून चाराने भागायचं: प्रत्येकी ८ टक्के. साधारण ५ टक्क्यांच्या वर गेलं की लक्ष घालायचं आणि १० च्या आसपास माणसं तक्रार करू लागतात, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणजे ८ टक्के बरे नव्हेत. हाच ९६,००० चा आकडा दोन तासांच्या नोंदीत आला असता, तर ७२,००,००० ने भागून आणि मग चाराने भागून प्रत्येकी ०.३३ टक्के, म्हणजे काळजीचं कारण नाही. आकडा तोच असून अर्थ उलटा. दिवसाची नोंद असेल तर भाजक ८,६४,००,०००. स्क्रिप्टमध्ये हा भाजक हाताने लिहू नका. इंटरव्हलसेक्सला हजाराने गुणून घ्या, म्हणजे टप्पा बदलला तरी उत्तर बिघडत नाही.

रेडी जास्त निघाला म्हणून लगेच नवीन सर्व्हर घ्यायला हवा असंही नाही. पुष्कळदा कारण उलटं असतं. कोणीतरी कधीतरी "असू देत" म्हणून हजेरीच्या मशीनला आठ प्रोसेसर देऊन ठेवलेले असतात, टॅलीला आठ, फायलींना चार. खरे प्रोसेसर त्या मानाने मोजकेच, मग सगळी एकमेकांची वाट अडवतात. हजेरीचं मशीन दोन प्रोसेसरवर आणलं की पावत्यांचं मशीन मोकळं होतं, आणि त्याला खर्च शून्य. कोटेशनवर सही करण्याआधी हे एकदा करून पाहावं.

साडेपाचची भानगड आणि वाऱ्या-पावसाचे खड्डे

व्हीसेंटर आतून सगळी वेळ जागतिक प्रमाणवेळेत ठेवतं. भारत तिच्या साडेपाच तास पुढे. दिवसाची नोंद जागतिक मध्यरात्रीला बंद होते, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेपाचला. गेट-स्टॅट वेळ आपल्या संगणकाच्या घड्याळाप्रमाणे बदलून दाखवते, म्हणून वर्षभराच्या नोंदी मागितल्या की प्रत्येकीपुढे ५:३० दिसतं. पहिल्यांदा बघणारा चक्रावतो. त्याचा अर्थ असा की त्या नोंदीतला दिवस आदल्या दिवशीच्या सकाळी साडेपाचपासून त्या दिवशीच्या सकाळी साडेपाचपर्यंतचा आहे. गंमत म्हणजे रात्रपाळी चालणाऱ्या कारखान्याला हे सोयीचंच पडतं: आंबा संध्याकाळी आला आणि रस रात्री दोनला काढला, तरी दोन्ही कामं एकाच नोंदीत येतात. फक्त पावत्यांच्या रजिस्टराशी ताडून बघताना तारीख एकने मागे घ्यायची. कोणी पायथनमधून थेट व्हीसेंटरला विचारत असेल, तर तिथे वेळ जागतिकच मिळते, साडेपाच तास आपण मिळवायचे. प्रोसेसरचा टक्काही तिथे शंभरपटीत येतो: १५३७ म्हणजे १५.३७ टक्के.

कोकणात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: वीज. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगड भागात कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. एवढं मोठं संकट रोजचं नसतं, पण वळवाच्या पावसात तारांवर फांदी पडून चार-सहा तास वीज जाणं कोणाला नवीन नाही. यूपीएस संपला की सर्व्हर बंद, आणि तेवढ्या वेळाच्या नोंदीच नाहीत. नोंद नसणं म्हणजे शून्य नव्हे. एक्सेलमध्ये रिकाम्या घरात शून्य भरून सरासरी काढणारे भेटतात. त्यांचा सर्व्हर कागदावर फारच आरामात असतो. स्क्रिप्टने दिवसाला किती नोंदी आल्या तेही मोजावं. ५ मिनिटांच्या २८८ हव्यात. २१० आल्या असतील तर साडेसहा तास कुठे गेले ते आधी शोधा.

वीज परत आल्यावर घड्याळाचं दुखणं सुरू होतं. इंटरनेट अजून आलेलं नसतं, सर्व्हरला वेळ विचारायला कोणी नसतं, आणि ईएसएक्सआय व व्हीसेंटर यांच्या घड्याळांत अंतर पडतं. अंतर जास्त असलं की आकडे मागूनही हाती रिकामी यादी येते, आणि माणूस स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसतो. आधी दोन्ही घड्याळं बघा.

आणि पूर. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा तळमजल्यावरची किती कार्यालयं आणि दुकानं पाण्याखाली गेली, ते सगळ्यांनी पाहिलंय. अशा वेळी बॅकअपमधून मशीन नव्याने उभं करतात. नाव तेच ठेवतात, आतला डेटाही तोच. पण व्हीसेंटर मशीन ओळखतं ते नावावरून नव्हे, आत दिलेल्या क्रमांकावरून, आणि नव्या मशीनला नवा क्रमांक मिळतो. जुना इतिहास त्याला चिकटत नाही. नुसतं यादीतून काढून पुन्हा घातलं तरी हेच होतं. त्यामुळे 'जानेवारीपासूनचे आकडे द्या' म्हटल्यावर जुलैपासूनचेच आले, तर मधे कधी असं काही झालंय का ते विचारून घ्या.

सप्टेंबरात हाताशी काय उरतं

मालकांना "आकडे गेले" एवढंच सांगून परत फिरायची गरज नाही. दिवसाच्या सरासरीत आकार मरतो, पण बेरीज मरत नाही. रेडीचंच बघा. संध्याकाळचे चार तास प्रत्येकी ८ टक्के आणि बाकी वेळ अर्धा टक्का, असा दिवस असेल तर दिवसाची बेरीज ६०,४८,००० मिलिसेकंद होते. दिवसभर अर्धा टक्काच राहिलेल्या निवांत दिवसाची बेरीज १७,२८,०००. टक्क्यांत काढलं तर पहिला दिवस १.७५ आणि दुसरा ०.५, दोन्ही निरुपद्रवी दिसतात. पण एकासमोर एक ठेवले की साडेतीन पट फरक उठून दिसतो. म्हणून जुन्या आकड्यांना एकेकटं विचारू नये, दिवसांची आपसांत तुलना करावी: मे महिन्यातले दिवस विरुद्ध जुलैतले, आवक जोरात असलेले दिवस विरुद्ध खाडे.

दुसरी साक्ष सर्व्हरच्या बाहेर असते आणि ती लोक विसरतात. पावत्यांच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक पावतीची वेळ मिनिट-सेकंदासकट आपल्या डेटाबेसमध्ये लिहिलेली असते, आणि ती कोणी विरळ करत नाही. तासाला किती पावत्या निघाल्या हे एका क्वेरीत मिळतं. एखाद्या दिवशी तीन ते चारमध्ये भराभर पावत्या निघाल्या आणि सहा ते सातमध्ये गेटवर रांग असूनही निम्म्यावर आल्या, तर अडकण्याची वेळ तिथे सापडली. त्याच दिवसाची रेडीची बेरीज फुगलेली असेल, तर दोन साक्षी जुळल्या. कोर्टात टिकेल असा पुरावा नाही म्हणता येणार, पण हजेरीच्या मशीनचे प्रोसेसर कमी करून पाहायला पुरेसा आहे.

पुढच्या हंगामासाठी मात्र नोंदी म्हाताऱ्या होण्याआधीच उचलून आपल्या फाईलमध्ये ठेवायच्या. वर म्हटलेला स्वस्त उपाय तो हाच. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये स्क्रिप्ट दिवसातून दोनदा लावा, आणि दर खेपेला मागच्या तेरा तासांच्या ५ मिनिटांच्या नोंदी घ्या. तेरा अशासाठी की बारा-बारा तासांची सांध घट्ट बसत नाही. एक तास दोनदा आला तरी मशीन, माप आणि वेळ जुळणाऱ्या दुबार ओळी गाळता येतात. रोज मध्यरात्रीनंतर कालचा पूर्ण दिवस मागायची कल्पना सुटसुटीत वाटते, पण स्क्रिप्ट एक वाजता धावली तर कालच्या पहिल्या तासाला एक दिवस उलटून गेलेला असतो आणि नेमका तोच तुकडा निसटू शकतो. ५ मिनिटांच्या नोंदींची मुदत व्हीसेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत वाढवता येते. तीही वाढवून ठेवली तर रविवारी संगणक बंद राहिला तरी सोमवारी भरपाई होते.

सहा मशीन आणि पाच मापं धरली तर दिवसाला ८,६४० ओळी होतात. साध्या सीएसव्ही फाईलमध्ये वर्षाचा ऐवज एका पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतो. मापं मोजकीच घ्या: प्रोसेसरचा वापर, रेडी, मेमरीचा वापर, डिस्कचा उशीर आणि नेटवर्क. डिस्कचा उशीर 'डिस्क.मॅक्सटोटललेटन्सी.लेटेस्ट' मध्ये मिलिसेकंदांत मिळतो, आणि बॅकअपची वेळ संध्याकाळच्या गर्दीवर आली असेल तर ते तिथेच उघडं पडतं. गेट-स्टॅटला मशीनची यादी एकदम द्या. प्रत्येक मशीनसाठी वेगळी हाक मारली तर तीच स्क्रिप्ट कितीतरी पट रेंगाळते. मशीन खूप असतील तर मात्र यादीचे तुकडे करा, कारण व्हीसेंटर एका विचारणीत ठरावीक संख्येपेक्षा जास्त मापं देत नाही.

स्क्रिप्टसाठी व्हीसेंटरमध्ये फक्त वाचण्याचा अधिकार असलेलं वेगळं खातं काढा, आकडे वाचायला तेवढं पुरतं. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये उघडा लिहून ती फाईल डेस्कटॉपवर ठेवलेली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता नवल वाटत नाही. पॉवरशेलच्या एक्स्पोर्ट-क्लिएक्सएमएलने तो त्या विंडोज वापरकर्त्यापुरता कुलूपबंद होतो. त्या खात्याच्या पासवर्डची मुदत संपली की स्क्रिप्ट काही न बोलता रिकाम्या फायली बनवत बसते, म्हणून ओळींची संख्या कमी आली तर मेल जाईल अशी एक ओळ शेवटी घालाच.

हायपर-व्ही हा मायक्रोसॉफ्टचा हायपरवायझर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथे मेझर-व्हीएम ही आज्ञा आहे, पण मोजणी आधी चालू करावी लागते आणि ती सुरुवातीपासूनची एकच गोळाबेरीज देते. तासागणिक इतिहास हवा तर विंडोजचे परफॉर्मन्स काउंटर आधीपासून फाईलमध्ये टिपत ठेवावे लागतात.

प्रॉक्समॉक्स या आणखी एका हायपरवायझरबद्दल जरा जास्त, कारण नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यावर परवान्यांची पद्धत बदलली आणि छोट्या जागांचा ओढा तिकडे वळला. प्रॉक्समॉक्स आकडे आरआरडी या प्रकारच्या फायलींत ठेवतं. फाईलचा आकार पहिल्या दिवशी ठरतो आणि कधीच वाढत नाही, जागा भरली की जुन्यावर नवं लिहिलं जातं. आठव्या आवृत्तीपर्यंत तासाच्या आलेखाला मिनिटाची नोंद, दिवसाला अर्ध्या तासाची, आठवड्याला तीन तासांची, महिन्याला बारा तासांची आणि वर्षाला चक्क आठवड्याची एक. व्हीसेंटरपेक्षाही विरळ. जमेची बाजू अशी की सरासरीबरोबर कमाल आकडाही तिथे मुळापासून साठवला जातो, आणि पीव्हीईएसएच या आज्ञेने आरआरडीडेटा मागताना दोन्हींपैकी कुठला हवा ते सांगता येतं. मे महिन्यातला ९५ तिथे सप्टेंबरातही दिसेल, फक्त कुठल्या संध्याकाळी ते कळणार नाही.

या दिवाळीत प्रॉक्समॉक्सवर जायचं ठरवलं असेल, तर व्हीसेंटरचं मशीन पुसण्याआधी त्यातले वर्षभराचे दिवसागणिक आकडे एकदा फाईलमध्ये काढून घ्या. मशीन नव्या जागी जाते, तिचा इतिहास जात नाही. गेट-स्टॅटला स्टार्ट म्हणून मागच्या वर्षीची आजची तारीख द्यायची आणि आलेलं एक्स्पोर्ट-सीएसव्हीकडे वळवायचं, एवढंच काम आहे, आणि सहा मशीनसाठी ते चहा संपायच्या आत होतं.